सीएलएल आटोक्यात आहे, मग पोट कशाने वाढतंय?

प्रश्न थोडक्यात असा: वय 62, पुरुष, सात वर्षांपासून सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. पहिली पाच वर्षं औषध नव्हतं, नुसतं लक्ष ठेवणं चालू होतं. गेली दोन वर्षं इब्रुटिनिब. मानेतल्या-काखेतल्या गाठी बसल्या, हिमोग्लोबिन सुधारलं, पांढऱ्या पेशी उतरल्या. पण गेल्या पाच महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढलंय आणि कमरेचा घेर नऊ सेंटीमीटरने. जेवण उलट कमी झालंय, निम्म्या ताटातच तडस लागते. संध्याकाळी मोजे काढले की पायांवर वळ दिसतात. रक्ताचे डॉक्टर म्हणतात रक्त छान आहे, फॅमिली डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्यात, घरचे म्हणतात बसून बसून पोट सुटलंय. तुम्ही विचारताय: आजार पोटात पसरतोय का?

बहुधा नाही. पण हा नुसता गॅसही वाटत नाही, आणि घरच्यांचं म्हणणं तर तुम्ही दिलेल्या माहितीशी जुळतच नाही.

ल्युकेमिया माणसाला वाळवतो. सीएलएलवर उपचार कधी सुरू करायचे याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आम्ही वापरतो (2018 ची आवृत्ती), त्यांत वजनाचा उल्लेख येतो तो घटण्याचा: काही न करता सहा महिन्यांत दहा टक्के किंवा त्याहून जास्त. वजन वाढण्याचा तिथे शब्दही नाही. त्यामुळे काटा वर सरकला की घरच्यांना हायसं वाटतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही. मला मात्र अशा वेळी खुर्ची जरा पुढे ओढून बसावंसं वाटतं. काटा सगळंच एकत्र तोलतो. चरबी, पाणी, सुजलेला अवयव, साठलेला मळ, यांतलं काय वाढलं हे तो सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं वजन वर्षभर जवळजवळ किलोलाही हललं नव्हतं. फाइलमध्ये दर वेळी "वजन स्थिर" असा शेरा पडत होता. एकदा त्यांनी शर्ट काढला तेव्हा दिसलं की दंड आणि मांड्या काठीसारख्या झाल्यात, कानशिलं आत गेलीत आणि पोट मात्र टम्म. जेवढं मांस झडलं होतं तेवढंच पाणी भरलं होतं. शेरा खोटा नव्हता, पण उपयोगाचाही नव्हता.

तेव्हा पहिला प्रश्न हा की तुमचं पोट कशाने भरलंय.

थोडा हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. एखाद्याचं आठवड्यात तीन किलो वाढलं तर गरजेपेक्षा रोज 3300 कॅलरी जास्त खाल्ल्या असाव्या लागतील. हे कुणाला जमत नाही, म्हणजे ते पाणीच. तुमचे सहा किलो मात्र पाच महिन्यांत आलेत. तो हिशेब रोजच्या तीनशे कॅलरींचा होतो, आणि तेवढं माणूस नकळत खातो. म्हणून नुसत्या गणिताने चरबी बाद करता येत नाही. उपचार लागू पडल्यावर आजाराने होणारी झीज थांबते, भूक परत येते, उतरलेलं वजन भरून निघतं. असं वजन मी आनंदाने बघतो. इब्रुटिनिब घेणाऱ्यांत वजन वाढल्याच्या नोंदीही आहेत. पण अशा माणसाचे गाल भरतात, दंड भरतात आणि तो चवीने जेवतो. तुम्ही निम्म्या ताटावर थांबताय. खाणं कमी आणि पोट जास्त ही जोडी चरबीची नाही.

जुने कागद काढा आणि या पाच महिन्यांतली वजनं तारखेसकट एका ओळीत लिहा. दर महिन्याला थोडं थोडं वाढलंय, की एखाद्या पंधरवड्यात एकदम उडी आहे? उडी असेल तर त्याच सुमारास नवीन गोळी सुरू झाली होती का? या एका ओळीवरून मला कित्येकदा अर्धं निदान मिळालंय.

आता प्लीहा, जुन्या माणसांची पाणथरी. सीएलएलमध्ये पोट म्हटलं की पहिला संशय तिच्यावर जातो, आणि ते रास्तही आहे. निरोगी प्लीहा दीडशे-दोनशे ग्रॅमची, डाव्या बरगड्यांच्या आड लपलेली असते. सोनोग्राफीत तिची लांबी बारा-तेरा सेंटीमीटरपर्यंत असली तर आम्ही काही म्हणत नाही. बरीच वाढल्याशिवाय ती हाताला लागत नाही. वाढते ती बरगडीखालून तिरकी, बेंबीच्या दिशेने. जठर तिला खेटूनच असतं, म्हणून चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. तुमच्या तडशीचं हे एक कारण असू शकतं.

प्लीहा तपासण्यात एक गंमत आहे. नवखा डॉक्टर थेट डाव्या बरगडीखाली बोटं घालतो. प्लीहा खूपच मोठी असेल तर त्याचा हात तिच्या पाठीवरच पडतो, कडा कुठे लागत नाही, आणि तो "प्लीहा लागत नाही" असं लिहून मोकळा होतो. शिकवलेलं असतं ते उलट: सुरुवात बेंबीच्या खाली उजव्या बाजूने करायची, हात स्थिर ठेवायचा, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं आणि वाट बघायची. श्वासाबरोबर प्लीहा खाली सरकते आणि तिची कडा बोटांच्या टोकाला येऊन टेकते. नाही टेकली तर हात दोन बोटं वर सरकवायचा आणि पुन्हा श्वास. याला दोन मिनिटं लागतात. तुमच्या पोटाला शेवटचा हात कधी लागला ते आठवून बघा. गोळ्यांनी रक्त सुधारलं की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही कागदच वाचत बसतात, माझ्यासकट.

"रक्त छान आहे" हे वाक्य पोटाबद्दल फारसं काही सांगत नाही. इब्रुटिनिब सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत रक्तातल्या पेशी वाढतात आणि त्याच वेळी गाठी वितळत असतात, कारण गाठींतल्या पेशी रक्तात उतरतात. म्हणजे रक्त आणि गाठी एकच गोष्ट सांगतील असं नाही. याचं उलटही घडतं: रक्त शांत असताना पोटात, पाठीच्या कण्यापुढे, गाठी वाढत राहतात आणि त्या बाहेरून हाताला लागत नाहीत. सीएलएलचं रूप बदलून तो आक्रमक लिम्फोमा होतो, ज्याला रिक्टर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, तेव्हाही रक्ताचा साधा रिपोर्ट निरागस असू शकतो. पण त्यात ताप येतो, रात्री कपडे भिजवणारा घाम येतो, एखादी गाठ आठवड्या-आठवड्याने फुगते, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम चढतं आणि वजन उतरतं. तुम्ही यांतलं काही लिहिलेलं नाही. शिवाय वजनाचाही हिशेब आहे. तुमचे सहा किलो एकट्या प्लीहेने भरून निघणं अवघड आहे. ती वाढली असेल, नसेलही. उरलेलं काहीतरी दुसरं असणार.

माझा संशय पाण्यावर आहे, आणि तो त्या मोज्यांच्या वळांमुळे.

संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा राहिला तर ती पाण्याची सूज. मग रात्रीचं आठवा. सपाट झोपल्यावर धाप लागते का? एका उशीच्या दोन उशा झाल्यात का? दोन जिने चढताना पूर्वी थांबावं लागत नव्हतं आणि आता लागतं, असं आहे का? मनगटावर नाडी धरून अर्धा मिनिट ठेका ऐका. तो सारखा पडतोय, की मधेच चुकतोय, घाई करतोय? हे विचारतोय कारण इब्रुटिनिबने काही जणांत हृदयाची लय बिघडते (एट्रियल फिब्रिलेशन) आणि रक्तदाब वाढतो. दोन्ही गोष्टी गुपचूप चालू राहू शकतात. हृदय मागे पडलं की यकृतात रक्त तुंबतं, ते जड होऊन जठराला दाबतं, पाय सुजतात, पोटात पाणी उतरतं. म्हणजे तडस, वळ, घेर आणि वजन, चारही तक्रारी एकाच कारणाने आल्या असं होऊ शकतं. ज्या उत्तरात चारही बसतात ते मी आधी तपासतो. पैज लावायची झाली तर मी पहिलं बोट हृदयाकडे दाखवेन, आणि हरलो तर आनंदच आहे. ईसीजी, इको आणि बीएनपी नावाची रक्ततपासणी यांत त्याचा छडा लागतो. इब्रुटिनिबच्याच जातीची नंतरची औषधं, अकॅलाब्रुटिनिब आणि झॅनुब्रुटिनिब, हृदयाच्या लयीला कमी त्रास देतात, त्यामुळे तिथे गोंधळ सापडला तरी वाट बंद होत नाही.

एक साधी शंका त्याहीआधी फेडून घ्या. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू झालंय का? त्याने घोटे सुजतात, हृदय ठणठणीत असलं तरी. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मधूनमधून घेता का? त्या अंगात मीठ-पाणी अडवून ठेवतात, आणि इब्रुटिनिबबरोबर रक्तस्रावाची जोखीमही वाढवतात. रुग्ण या गोळ्यांना औषध मानतच नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मूत्रपिंडाचा रस्ता लोकांच्या लक्षात येत नाही. सीएलएलमध्ये काही वेळा मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडतात आणि लघवीतून प्रथिनं वाहून जातात. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं आणि पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते. साधी लघवीची तपासणी हे पकडते, पण ल्युकेमियाच्या फाइलमध्ये ती सापडेलच असं नाही. तुमच्या फाइलमध्ये आहे का बघा.

पोटात खरोखर पाणी साठलंय का, म्हणजे जलोदर आहे का, हे हाताने ओळखायला साधारण दीड लिटर पाणी तरी लागतं. आम्ही उताण्या पोटावर बोटाने टकटक करतो. मध्ये पोकळ आवाज येतो, कडेला बद्द. मग कुशीवर वळवून पुन्हा वाजवतो. बद्द आवाजाची जागा सरकली तर आत पाणी. सोनोग्राफीला याहून फार कमी पुरतं, शंभर मिलिलिटरच्या आसपासही दिसतं. सीएलएलमुळे थेट जलोदर होणं दुर्मीळ आहे. म्हणून पाणी सापडलंच तर "ल्युकेमिया आहे ना, त्याचंच असेल" म्हणून सोडू नका, ते सुईने थोडं काढून तपासायला हवं. पाण्यातलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन एकाच दिवशी मोजतात आणि वजाबाकी करतात. फरक डेसिलिटरमागे 1.1 ग्रॅम किंवा जास्त आला तर पाणी दाबामुळे आलंय, म्हणजे यकृत किंवा हृदय. कमी आला तर पोटाचं अस्तर, क्षय, कर्करोग किंवा मूत्रपिंड. पाणी बहुतेक वेळा पेंढ्याच्या रंगाचं असतं. दुधासारखं निघालं तर लसिकावाहिन्या कुठेतरी अडल्यात, आणि तेव्हा गाठींकडे पुन्हा बघावं लागतं. अजून एक: सीएलएल असलेल्याच्या पाण्यात लिम्फोसाइट, म्हणजे ज्या पांढऱ्या पेशींचा हा आजार आहे त्या, दिसल्या म्हणून घाबरून जायचं नाही. त्या रक्तातूनही मिसळतात, आणि क्षयातही लिम्फोसाइटच वाढतात. तो रिपोर्ट एकट्याने वाचू नये. सुई टोचण्याआधी इब्रुटिनिब चालू असल्याचं आणि प्लेटलेटचा आकडा त्या डॉक्टरांना तोंडाने सांगा. चिठ्ठीवर लिहिलेलं सगळे वाचतात असं नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. साठीच्या एक बाई, सीएलएल, प्लीहा बरगडीखाली चार सेंटीमीटर, वर्षानुवर्षं तेवढीच. पोट वाढल्याची तक्रार घेऊन आल्या. मी प्लीहेवर हात ठेवला, ती होतीच तिथे, आणि मी म्हटलं, हिचंच ओझं वाटतंय तुम्हाला. दोन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा सोनोग्राफी केली. प्लीहा होती तेवढीच होती. बीजांडकोशावर गाठ होती. माहितीतला गुन्हेगार समोर उभा असला की माणूस पुढे शोधत नाही, आणि सीएलएल असलेल्यांत दुसरे कर्करोग इतरांपेक्षा जास्त दिसतात हे मला पाठ असूनही मी तेच केलं. पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं तर ल्युकेमिया बाजूला ठेवून आधी ओटीपोटाची सोनोग्राफी. पुरुषांनी आतड्याची तपासणी किती वर्षांपूर्वी झाली ते आठवावं. शौचाच्या सवयी बदलल्या असतील तर तो मुद्दा वरच्या क्रमांकाला येतो.

स्टेरॉइडबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. सीएलएलमध्ये शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट फोडायला लागलं तर प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, आणि त्याने चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, हातपाय बारीक होतात. चालू असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं. मात्र ते एकदम बंद करणं धोक्याचं आहे. थायरॉइड मंदावलं तरी वजन, बद्धकोष्ठ आणि सूज येते. त्याला एक टीएसएच पुरे. आणि गॅस? असू शकतो. पण गॅस सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असा खेळतो, आणि सहा किलो वजन त्याला नसतं.

हे वाचणाऱ्यांत सीएमएलवाले, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असलेले, असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. सीएमएलमध्ये प्लीहा निदानाच्या वेळीच बेंबीपर्यंत आलेली असू शकते, आणि इमॅटिनिब किंवा त्या घराण्यातली गोळी लागू पडली की ती हाताला लागेनाशी व्हायला हवी. बसलेली प्लीहा पुन्हा वाढली तर बीसीआर-एबीएल या सीएमएलच्या जनुकाची पीसीआर रक्ततपासणी ठरल्या तारखेची वाट न बघता करून घ्या, आणि गोळ्या किती वेळा चुकल्या हे प्रामाणिकपणे सांगा. दुसरीकडे, इमॅटिनिब स्वतःच अंगात पाणी धरतं. सकाळी पापण्या सुजतात, पाय सुजतात, वजन चढतं. बहुतेकांना ते सोसवतं, पण थोड्या दिवसांत झपाट्याने वजन वाढलं तर कळवायलाच हवं. डॅसॅटिनिबमध्ये पाणी जास्त करून छातीत, फुप्फुसाच्या आवरणात साठतं. तिथे पोटापेक्षा धाप आणि कोरडा खोकला आधी सांगतो.

तुमच्याकडे परत येतो. या आठवड्यातच भेटीची वेळ घ्या, पुढच्या तिमाही तपासणीपर्यंत अंगावर काढू नका. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी रक्तदाब, ईसीजी, लघवी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या अल्ब्युमिनसकट, एलडीएच, टीएसएच आणि पोटाची सोनोग्राफी मागितली असती. इको लगोलग. सीटी स्कॅन त्यानंतर, सोनोग्राफीत गाठी दिसल्या किंवा कशाचाच मेळ बसला नाही तर. पेट स्कॅन एलडीएच किंवा गाठींचा वेग शंका देईल तेव्हाच. सोनोग्राफीला जुनी फिल्म न्या आणि प्लीहेची लांबी आकड्यात लिहून मागा. "प्लीहा थोडी वाढलेली" या शब्दांवरून पुढच्या वर्षी काहीच तुलना करता येत नाही.

तोवर रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. घेर उभं राहून, टेप बेंबीवरून, श्वास सोडून झाल्यावर, आणि टेप दर वेळी तेवढाच सैल. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करा. मीठ कमी केलंत तर चालेल, पण पाणी तोडू नका, आणि शेजाऱ्याची लघवी होण्याची गोळी घेऊ नका. तिने सूज उतरेल आणि कारण झाकलं जाईल. इब्रुटिनिब स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही, ते डॉक्टरांनी ठरवावं.

डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली, ती डाव्या खांद्यात गेली, तर थेट इस्पितळ गाठा. प्लीहेचा रक्तपुरवठा अडला किंवा ती फाटली तर असं होतं. 38 अंश सेल्सिअसवर ताप, बसल्या जागी धाप, काळी शौच, पिवळे डोळे, एकाच पोटरीची दुखरी सूज, लघवी अगदी कमी होणं, किंवा उलट्या होऊन वायूही सरत नसणं, यांतल्या कशासाठीही सकाळ होण्याची वाट बघू नका.

परत लिहाल तेव्हा ती वजनांची ओळ, सगळ्या गोळ्यांची यादी (गुडघ्याची सुद्धा), अल्ब्युमिनचा आकडा आणि इकोचा कागद एवढं पाठवा.